जैन काउंटरवर कोळ्याची पोर

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रणितनं आधी तिकिटं काढली आणि मग फोन केला. आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे माझा धाकटा भाऊ ओळखून आहे. डिसेंबरात चार रात्री, मुंबई बंदरातून लक्षद्वीप आणि परत, मोठ्या क्रूझवर. आई, तो आणि आम्ही तिघं: मी, माझी बायको पुष्पा आणि आमची पोर इशिता. त्याची बायको सलोनी बाळंतपणासाठी माहेरी गेलीय, म्हणून ती नाही. मासेमारीचा हंगाम चालू असताना हा आपली नाव ती हाकणाऱ्या तांडेलावर सोडून निघालाय.

"दादा, आईचा जन्म दर्याच्या काठावर गेला, नि ती कधी दर्यात गेलीच न्हाय," तो म्हणाला.

खरं आहे. आमच्याकडे बायका नावेवर चढत नाहीत. पुरुषांनी आणायचं, बायकांनी विकायचं. आई बहात्तर वर्षांची झाली. आमच्या गावच्या, तारोडीच्या किनाऱ्यावरून नाव दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचं, एवढाच तिचा समुद्र.

"इशिताचं काय?" मी विचारलं.

"तिच्यासकट."

"जहाजावर सगळीकडं कोळंबी असते."

"आपल्या घरी काय असते मग?" तो हसला.

मला हसू आलं नाही. इशिता चौदाची आहे. कोळंबी, करंदी, जवळा, चिंबोरी, शेवंड, कवचातली कुठलीही मासळी पोटात गेली की तिचा घसा सुजतो, श्वास अडकतो. नुसतं कोळंबीचं पाणी हाताला लागलं तरी चट्टे उठतात. बाकी मासे चालतात. चार वर्षांची असताना तारोडीला आईच्या ताटातली जवळ्याची चटणी तिच्या पोटात गेली आणि आम्ही दोन दिवस दवाखान्यात काढले. त्यानंतर इशिता त्या घरात जेवलेली नाही. आम्ही जातो, ओट्यावर बसतो, जेवणाच्या आत पूनम सागरमधल्या आमच्या फ्लॅटवर परत येतो. पुष्पा तर तिथलं पाणीही पीत नाही. दहा वर्षं झाली.

पाच दिवस एका टेबलावर जेवायचं. आई, आणि इशिता. मी हो म्हटलं. का म्हटलं, ते नीट सांगता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

क्रूझच्या फॉर्मवर एकच रकाना होता, 'सीफूड'. असल्या आळसाची मला चीड येते. पापलेट आणि कोळंबी एकाच रकान्यात! मी पाचही नावं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिली, डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि तीन दिवस पाठपुरावा केला. परदेशातून मागवलेली, श्वास अडकला तर मांडीत टोचायची इंजेक्शनची दोन पेनं, गोळ्या, स्टीलची ताटं, पुसण्याचे ओले रुमाल, सगळं यादी करून भरलं. वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. बाटलीवर लेबल नसेल तर मी ती हातात धरत नाही.

पण खरा तोडगा माझा नाही. तो समोरच्या हिनाबेनचा. पुष्पानं तिला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, जैन काउंटर पे खिलाओ ना! उनका किचन अलग, तवा अलग, चमचा भी अलग. हम लोग क्रूझ पे वही खाते हैं."

इतकं सोपं, आणि मला सुचलं नाही. जहाजाला फोन केला. खरंच, जैन स्वयंपाकघर वेगळं आहे, तिथं मासमच्छी आत येत नाही.

आईला सांगितलं तर फोनवरच ओरडली, "कोळ्याची पोर नि जैन थाळी! तुजा बा असता तर भर दर्यात नाव उलटी केली असती त्यानं." मग जरा थांबून, "बरं हाय. पोरीला जपून खाया मिलंल."

३ डिसेंबर, बुधवार. जहाजावर

बंदरावर आईला जिन्यावरून चढवताना मला वाटलं ती घाबरेल. तिनं पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार केला, मग प्रणितला म्हणाली, "एवढी मोठी नाव, नि जाळी कुटं ठेवतात?"

आईनं कोरी नऊवारी नेसलीय, पिशवीत साबणाची वडी ठेवलीय. इशिताला जवळ घ्यायच्या आधी दर वेळी आत जाऊन हात धुवून येते, कोपरापर्यंत. हा नाद तिला अलीकडं लागलाय की आधीपासून होता, मला आठवत नाही. वयानं होत असेल.

जेवणघराचा शेफ भूपेश म्हणून एक चाळिशीचा गढवाली माणूस आहे. त्याच्यासमोर मी वही उघडली आणि सहा प्रश्न विचारले. तेल वेगळं का? कढई वेगळी का? चिमटे कोण धुतं? त्यानं एकाही प्रश्नाचं उत्तर तोडून दिलं नाही. "सर, मेरी बेटी को मूँगफली की एलर्जी है. आप पूछिए, बिल्कुल पूछिए." मला बरं वाटलं. वहीत सहाच्या सहा खुणा झाल्या.

आमचं टेबल कोपऱ्यातलं. आईला मी त्या टोकाला बसवलं, इशिताला या टोकाला.

४ डिसेंबर, गुरुवार

दुपारी जे व्हायचं ते झालंच, पण जेवताना नाही. इशिता खेळाच्या खोलीतून कॅरम खेळून आली आणि म्हणाली, "बाबा, मनगट बघ."

तीन चट्टे, रुपयाएवढे. तिच्या आधी कोळंबीचे पकोडे खात कुणीतरी त्या बोर्डावर खेळलं असणार. इंजेक्शनचं पेन कुठल्या कप्प्यात ठेवलंय ते मला आठवेना. मला, यादी करणाऱ्याला!

"बाबा, बस," ती म्हणाली. तोवर तिनं हात साबणानं धुतला होता, गोळी घेतली होती. तिनं चट्ट्यांच्या कडेनं बॉलपेनानं रेघ मारली. "रेघेच्या बाहेर गेलं, किंवा घशात खवखवलं, तर पेन. ते पुढच्या कप्प्यात आहे, मीच ठेवलंय. आत्ता दोन वाजून दहा. तू घड्याळ बघ."

मी घड्याळ बघत बसलो. दुसरं काम तिनं मला दिलंच नाही. अडीचला चट्टे रेघेच्या आत होते, तीनला फिके झाले.

पुष्पाला हे सगळं सांगितलं. ही रेघेची युक्ती तिला कुणी शिकवली? मी नाही. डॉक्टरांनी असेल. इशिताला विचारलं तर म्हणाली, "आजीनं." आईला डॉक्टरी कुठून येणार! पोर थट्टा करते माझी.

५ डिसेंबर, शुक्रवार

लक्षद्वीपला छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेलं. आई होडीत चढली. होडीवाला हात द्यायला आला, तर तिनं त्यालाच बाजूला सारलं, "हट, मना कलतं कसं बसायचं ते." बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा होडीत, आणि अशी बसली जणू जन्मभर वल्हं मारलंय. प्रणितनं तोंड फिरवून डोळे पुसले. तिथल्या पाण्याचा रंग बघून ती एवढंच म्हणाली, "हा दर्या धुतलेला दिसतो. आपला कामाचा हाय."

अशी माझी आई. मी हे कुणाला बोलून दाखवत नाही, म्हणून इथं लिहितो.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळ

काल संध्याकाळचं सगळं क्रमानं लिहिलं पाहिजे. गाळायचं नाही.

इशिता जैन जेवणाला कंटाळली होती. "बाबा, तीन दिवस कांदा नाही, बटाटा नाही. मला आज स्वप्नात भजी दिसली." काल थाई जेवणाचं वेगळं काउंटर होतं आणि त्यात शाकाहारी हिरवी करी होती. मी वही घेऊन भूपेशकडे गेलो. तो म्हणाला, "सर, वेज है. अलग कढ़ाई, अलग कलछी, मैं खुद खड़ा था." मी सहाही प्रश्न विचारले. सहा खुणा झाल्या. मग मी स्वतः एक चमचा चाखला. नारळ, गवती चहासारखा वास, मिरची. कोळ्याची जीभ आहे माझी, मला कळणार नाही का? वाटी मी स्वतः उचलून आणली आणि इशितासमोर ठेवायला गेलो. वाटेत आई बसलेली.

"थांब," आई म्हणाली.

"काय?"

"ह्याच्यात जवळा हाय."

"आई, शाकाहारी आहे. मी विचारलंय."

"तू इचारलंस. मना वास आला."

"आई, मी चाखून बघितलंय. प्लीज, इथं तमाशा नको." आणि मी वाटी इशितासमोर ठेवली. "खा गं," म्हटलं.

इशिताच्या हातात चमचा होता. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. सरळ त्या टोकाला आजीकडं पाहिलं. आईनं मान हलवली, नाही म्हणून. इशितानं चमचा खाली ठेवला.

भूपेश धावत आला. "माताजी, नारियल की महक होगी."

आई उठून उभी राहिली. भाईंदरच्या बाजारात पन्नास वर्षं हिंदी बोललेली बाई. "बेटा, नारियल मेरे को नको सिकाव. तेरा मसाले का डिब्बा ला. डिब्बा! बातां नको."

तो डबा घेऊन आला. हिरव्या मसाल्याची मोठी बरणी. त्यानं चष्मा लावला, मागचं बारीक वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. शाकाहारी बरणी सहा वाजता संपली होती. घाईत कुणीतरी दुसरी फोडली होती. रंग तोच, झाकण तेच. घटकांमध्ये सातवा शब्द कोळंबीचा.

भूपेशनं आईपुढं हात जोडले. "माताजी, गलती मेरी है. मैंने कढ़ाई देखी, डिब्बा नहीं देखा."

"देकलं नाय तर नाय," आई म्हणाली. "सुंगायचं. डोळे फशिवतात." आणि बसून आपला भात जेवायला लागली.

आईनं पन्नास वर्षं मासळी विकली. जवळा विकायचं मात्र तिनं दहा वर्षांपूर्वी सोडलं, गुडघ्यांमुळं म्हणते. सुके बोंबील अजून विकते. गुडघ्यांना जवळा जड आणि बोंबील हलके कसे, हे मला कधी कळलं नाही. पण आईशी वाद कोण घालणार? तर दहा वर्षं जवळ्याला हात न लावता, एका वाटीभर नारळातून तिनं तो हुंगून काढला. मी चाखूनही मला सापडला नाही.

मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही. पण रात्रभर कानात दुसरंच होतं. 'तमाशा नको.' हे मी आईला पहिल्यांदा म्हटलेलं नाही.

दुपार

गाळायचं नाही असं सकाळी लिहिलं आणि गाळलं. आता लिहितो.

दहा वर्षांपूर्वी तारोडीला आदल्या दिवशी इशिता अंगणात वाळत घातलेल्या जवळ्यापाशी खेळत होती. संध्याकाळी आई म्हणाली, "जय, पोरीच्या अंगावर उठतंय. तिला जवळा नको दिऊ." मी हसलो. "कोळ्याच्या पोरीला जवळा बाधतो होय? शेजारीपाजारी हसतील. तमाशा नको." दुसऱ्या दिवशी आईच्या ताटातली चटणी मी माझ्या बोटानं इशिताला चाटवली. आईनं माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला.

दवाखान्यात पुष्पानं विचारलं, "कुणी दिलं?" मी म्हणालो, "आईच्या ताटातलं होतं."

यात एकही शब्द खोटा नाही. पुष्पानं जो अर्थ घ्यायचा तो घेतला. मी तो घेऊ दिला. आई बाहेर बाकावर बसली होती, तिनं ऐकलं असणार. बाटलीवर मी लेबल लावलं आणि आत काय आहे ते दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही.

या वहीच्या पहिल्या पानावरसुद्धा मी काय लिहिलंय? 'चटणी तिच्या पोटात गेली.' आपोआप गेली!

चार वाजता सगळे वरच्या डेकवर चहाला बसणार आहेत. आज बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

७ डिसेंबर, रविवार. घरी

बोललो.

काल चहाच्या आधी एक प्रकार झाला, त्यामुळं आणखी अवघड गेलं. भूपेशनं अकरा वाट्या ट्रेमध्ये मांडून आणल्या. वेगवेगळे मसाले, सॉस, सुपाची पूड. "माताजी, आप एक बार सूँघ दीजिए. मेरी तसल्ली के लिए." आईनं पदर खोचला. एकेक वाटी नाकाखाली धरायची, डोळे मिटायचे, डावीकडं किंवा उजवीकडं ठेवायची. तीन वाट्या उजवीकडं. भूपेशनं डबे आणून वाचले. तिन्हींत कोळंबी होती. शेजारच्या टेबलावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. प्रणित सगळ्यांना सांगत सुटला, "माझी आई हाय, माझी आई!" एका सुपाच्या वाटीशी आई जरा अडली होती. म्हणाली, "ह्यात न्हाय, पण शेजारी व्हतं." भूपेशनं वहीत तेही लिहून घेतलं. माझ्यासारखीच वही.

लोक पांगले, प्रणित भूपेशला सोडायला गेला, तेव्हा मी सांगितलं. पुष्पा, इशिता, आई तिघीही समोर होत्या. मी काहीही गुळगुळीत केलं नाही. माझं बोट, आईनं धरलेला हात, दवाखान्यातलं वाक्य.

पुष्पानं कप खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "मी दहा वर्षं त्यांच्या घरचं पाणी नाही प्यायले, जय."



"आई, तुम्ही का नाही बोललात?" तिनं आईला विचारलं.

आई चहात बिस्किट बुडवत होती. "काय बोलू? पोर आजारी. तिनं एकावर तरी भरवसा ठेवाय पायजे का न्हाय? बाप रोज जवळ असतो. मी लांबची. माज्यावरचा गेला तरी चालत व्हतं."

इशिता माझ्याकडं बघत होती. "म्हणजे आजीनं तेव्हापण सांगितलं होतं."

"हो."

"आणि तू तेव्हापण ऐकलं नाहीस."

"नाही."

"ओके," ती म्हणाली. ती उठली, खुर्ची ओढत टेबलाच्या त्या टोकाला गेली आणि आजीला चिकटून बसली. आईचे हात बिस्किटाचे होते. ती उठून धुवायला निघाली, तर इशितानं तिला धरून ठेवलं. "बस गं आजी. बिस्किटाची नाही मला ॲलर्जी."

मला वाटलं ती रडेल, भांडेल. ती आजीला म्हणाली, "पुढच्या रविवारी तारोडीला जेवायचं का मी?" मला विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, कशाला?

पुष्पा आज दिवसभर माझ्याशी जेमतेम बोललीय. तिचा हक्क आहे.

१० डिसेंबर, बुधवार

पुष्पा: "तू सांगितलंस ते बरं केलंस, असं मी इतक्यात म्हणणार नाहीये."

मी: "म्हणू नकोस."

पुष्पा: "भाजीला काय आणू?"

१४ डिसेंबर, रविवार

आज तारोडीला गेलो. प्रश्नांची वही मी बरोबर घेतली होती. दारातच इशितानं ती माझ्या हातातून काढून घेतली. "बाबा, तू बाहेर बस. आत मी बघते."

ती आत गेली आणि मला दारातून सगळं दिसत होतं. चौदा वर्षांची पोर आजीच्या स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघत होती, पाटा-वरवंटा कधी धुतला ते विचारत होती. आणि बहात्तर वर्षांची माझी आई, जिच्यापुढं बाजारात कुणाची आवाज चढवायची हिंमत होत नाही, ती परीक्षेला बसल्यासारखी हात मागं बांधून उभी.

"मसाला कुठं कांडून आणला?"

"घरीच कुटला. गिरणीत सुकट कांडतात, म्हनून न्हाय नेला."

"तवा?"

"नवा हाय. तुजाच."

"भाकरी उलटायला?"

"हात." आईनं दोन्ही पंजे पुढं केले, उलटेसुलटे. "धुतलेत बाय. बघ."

इशितानं ते हात धरून खरंच वास घेतला. दोघी हसायला लागल्या. "पास," ती म्हणाली.

चुलीवर ताज्या बोंबलांचं कालवण होतं. वास ओट्यापर्यंत येत होता. शेजारी प्रणित जाळं शिवत बसला होता. "दादा, आत जा ना. बघ तरी काय वाढतायत."

मला उठावंसं फार वाटत होतं. घड्याळाकडं बघितलं, मग ते काढून खिशात ठेवलं. "नको," म्हटलं. "त्या तिघी आहेत."

पानं मांडल्याचा आवाज आला. मग इशिताचं काहीतरी बोलणं, आईचं हसणं. मी बसून राहिलो.

आणि मग पुष्पाचा आवाज आला, "आई, हिला अजून अर्धी भाकरी वाढा. आणि मलाही."